वहीला हात कुणाचा लागला?

माननीय महानिबंधक व जनगणना आयुक्त,
भारत सरकार, नवी दिल्ली
यांस,



मी काशीतल्या ब्रह्माघाटावर राहणारा मराठी माणूस. घराणं क्षेत्रोपाध्यांचं, पण मी स्वतः ३४ वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली शेवटची ११ वर्षं संगणक विभागात. आता निवृत्त आहे. महाराष्ट्रातून इथे येणाऱ्या कुटुंबांना कागदपत्रांच्या कामात मदत करतो. त्यात सगळ्यात जास्त काम मृत्यूच्या दाखल्यांचं असतं. मृत्यू जिथे होतो तिथेच त्याची नोंद व्हावी, असा १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याचा नियम आहे. त्यामुळे आयुष्यभर वाई-कराडला राहिलेला माणूस काशीवासाला येऊन इथे गेला, तर त्याच्या शेवटच्या नोंदीसाठी मुलांना इथेच यावं लागतं. आमच्या दारात अशी मुलं वर्षभर येतात.

त्यातलाच एक मुलगा, म्हणजे पन्नाशीचा गृहस्थ, सातारा जिल्ह्यातून आला होता. त्याची आई काशीयात्रा करून परतताना वाटेत आजारी पडली आणि दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या रुग्णालयात वारली. त्या जिल्ह्याचं आणि कार्यालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तेव्हा मिळालेला दाखला त्याने जपून ठेवला होता. पाच वर्षांनी गावी वारस नोंद करायची वेळ आली, तेव्हा त्याने नवी प्रत काढली. जुन्या कागदावर वडिलांचं नाव बरोबर होतं, नव्या प्रतीवर भलत्याच माणसाचं होतं. नोंदणी क्रमांक तोच, तारीख तीच, आईचं नाव तेच. नवरा मात्र बदललेला.

मी त्याच्याबरोबर त्या कार्यालयात गेलो. दोन्ही कागद खिडकीवर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, हे कधी बदललं आणि कुणी बदललं? बाबू भला माणूस होता. त्याने पडदा आमच्याकडे वळवला, बोटाने ओळ दाखवली आणि म्हणाला, "सिस्टिम में तो यही है।" आम्ही चार वेळा गेलो. चौथ्या वेळी साहेबही भेटले. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं, पण ती ओळ कुणाच्या हातून बदलली हे त्यांनाही सांगता आलं नाही. जुनी रजिस्टरं संगणकात चढवताना एखाद्या ऑपरेटरची नजर एक ओळ खाली घसरली असेल, किंवा कुणी जाणूनबुजून केलं असेल. मला आजही माहीत नाही. गावची वारस नोंद ११ महिने अडली. मला त्या चुकीचं जितकं वाईट वाटलं, त्याहून जास्त त्या प्रश्नाला उत्तरच नव्हतं याचं वाटलं. पत्राला कारण तेच.

आमच्या आजोबांच्या, काशीला आलेल्या यजमानांच्या नोंदींच्या वह्यांना हा प्रश्न विचारता येत असे. खारव्यात बांधलेल्या त्या वह्या आजही घरात आहेत. जुन्या मोडीत आहेत, नंतरच्या बालबोधीत. गाव, कूळ, बरोबर आलेल्यांची नावं, पूर्वजांची नावं, तिथी, आणि खाली यजमानाची स्वतःच्या हातची सही. चूक झाली तर खोडायचं नाही, खरवडायचं तर मुळीच नाही. चुकीच्या नावावर एक आडवी रेघ मारायची, ते वाचता आलं पाहिजे इतकी बारीक, आणि दुरुस्ती शेजारी यजमानाच्याच हाताने लिहून घ्यायची. वही कुणालाही उघडून दाखवत नसत. आलेल्याने गाव आणि कूळ सांगायचं, आज्यापणज्याचं नाव सांगायचं, मग त्याचंच पान उघडायचं. शेजारच्या घराण्याचं पान त्याला दिसू नये म्हणून आजोबा त्यावर उपरणं टाकत, हे मी लहानपणी स्वतः पाहिलं आहे.

९ सप्टेंबर १९७८ ला काशीत गंगा ७३.९०१ मीटरवर गेली. धोक्याची पातळी ७१.२६२ आहे. त्या पुराची पातळी पुढे कधी गाठली गेली नाही. ओळखीच्या गल्ल्यांमधून होड्या चालत होत्या. आमच्या घरातल्यांनी आधी वह्या वर चढवल्या, मग धान्य. आणि तरीही आजोबांना घोर लागला नव्हता, कारण महत्त्वाच्या वह्यांची दुसरी प्रत चुलत घरात होती आणि ते घर चढावर, नदीपासून दूर होतं. एकाच नदीच्या पाण्यात दोन्ही प्रती सापडू नयेत, एवढी त्यांची साधी समज होती.

महोदय, आता देशाची वही आपल्याकडे आहे. २०२३ च्या दुरुस्तीने, १ ऑक्टोबर २०२३ पासून, जन्ममृत्यूच्या नोंदींचा राष्ट्रीय पातळीवरचा साठा ठेवण्याचं काम आपल्या कार्यालयावर आलं. त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलाला शाळेत प्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, आधार, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच एक दाखला. आपल्या साठ्यातली माहिती मतदारयाद्या, पासपोर्ट, शिधापत्रिका अशा इतर याद्या सांभाळणाऱ्यांना देता येईल, अशीही सोय कायद्यात आहे. म्हणजे एका ओळीत शिरलेली खोट पुढे पाच दप्तरांत शिरू शकते, आणि तिथून ती उपसून काढायला माणसाला जन्म पुरणार नाही.

हे भय कल्पनेतलं नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यातलं शेंदुरसनी हे दीड हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. २०२५ च्या अखेरीस उघडकीला आलं, की या गावाच्या ग्रामपंचायतीच्या नावावर तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्या आहेत. त्याआधी, जुलै २०२४ मध्ये, रायबरेली जिल्ह्यातल्या सलोन भागात ग्राम विकास अधिकाऱ्याच्या आयडीवरून हजारो खोटे जन्मदाखले निघाल्याचं प्रकरण गाजलं. दोन्ही ठिकाणी पोलीस तपास झाला, अटका झाल्या. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जातं. दरोडा म्हणावा असं काही घडलंच नाही. भिंत फोडली गेली नाही, कुलूप तोडलं गेलं नाही. नोंदणी अधिकाऱ्याच्या नावाची किल्ली दुसऱ्याच्या हातात होती आणि दार तिने सरळ उघडलं.

आमच्या जवळच्याच आझमगढमध्ये अमिलोचे लालबिहारी राहतात. १९७५ पासून १९९४ पर्यंत ते सरकारी कागदावर मृत होते, नातेवाइकांना त्यांची जमीन हवी होती म्हणून. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी नावापुढे 'मृतक' लावलं आणि मृतक संघ काढला. त्यांच्या आयुष्याची जवळजवळ दोन दशकं एका खोट्या नोंदीने खाल्ली. त्या काळी अशा प्रत्येक खोट्या नोंदीसाठी एका बाबूला एकदा फितवावं लागे. आज एक पासवर्ड मिळाला की हजारो नोंदी होतात, आणि पासवर्ड वापरणारा त्या जिल्ह्यातच काय, त्या राज्यातही नसतो.

सरकारी माहिती क्लाउडवर नेण्याचं धोरण आपल्याकडे 'मेघराज' या नावाने २०१३-१४ पासून आहे. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय क्लाउड पुरवणाऱ्या कंपन्यांची सूची करतं, एसटीक्यूसी हे सरकारी संचालनालय त्यांची तपासणी करतं, माहिती भारतातच ठेवण्याची अट असते. हे सगळं चांगलं आहे आणि हवंच. पण क्लाउड म्हणजे अखेर दुसऱ्याच्या इमारतीतलं भाड्याचं कपाट. इमारतीची राखण, वीज, आग, यंत्रांची डागडुजी हे इमारतवाल्याचं काम. कपाटाची किल्ली कुणाकडे द्यायची, ती कुणी परत घ्यायची, कपाट मध्यरात्री कुणी उघडलं हे पाहायचं, ही सगळी जबाबदारी भाडेकरूची. इमारत कितीही मजबूत असली तरी आपल्या शिपायाने किल्ली पानाच्या टपरीवर ठेवली असेल तर इमारतवाला काय करणार? सरकारी खात्यांत मला वारंवार आढळतं ते हे, की 'आमचा डेटा मान्यताप्राप्त क्लाउडवर आहे' एवढं म्हटलं की सुरक्षेचा विषय संपला असं धरलं जातं.

पानाची टपरी मी उगाच म्हटलं नाही. एका जनसेवा केंद्रात मी माझ्या कामासाठी बसलो होतो. शेजारच्या टेबलावर चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा भराभर नोंदी टाकत होता. त्याच्यापुढे शाळेची रेघांची वही होती. पानावर चार गावांची नावं, प्रत्येकापुढे आयडी, त्यापुढे पासवर्ड, निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात. एका नावावर काट होती आणि बाजूला लिहिलं होतं 'बदली'. पण तो आयडी चालू होता, कारण माझ्यादेखत त्याने त्यावरून प्रवेश केला. पुढच्या आयडीला मोबाइलवर आकडे यायचे होते. त्याने फोन लावला, "साहब, ओटीपी बताइए," पलीकडून कुणीतरी सहा आकडे सांगितले, याने टंकले, आणि काम पुढे चालू. सगळं एका मिनिटात.

त्या मुलाला किंवा फोनवरच्या साहेबांना मी चोर म्हणणार नाही. गावपातळीवरच्या अधिकाऱ्याकडे तीन-तीन, चार-चार गावं असतात. घरकुलं, शौचालयं, रोजगार हमी, निवडणुकीची कामं, सभांची इतिवृत्तं, आणि यातच जन्ममृत्यू. कार्यालयात संगणक असेल तर वीज नसते, वीज असेल तर नेट नसतं. नोंद २१ दिवसांत व्हायची असते आणि बाळाचा बाप दारात उभा असतो. मग तो अधिकारी जे कुणीही करील तेच करतो, टंकायचं काम दुसऱ्याला देतो. नियमाने ते काम देण्याची सोय नसल्यामुळे तो स्वतःची किल्लीच देऊन टाकतो. 'पासवर्ड कुणाला देऊ नका' असं परिपत्रक शंभर वेळा काढलं तरी हे थांबणार नाही, कारण परिपत्रकाने त्याचं काम कमी होत नाही.

बँकेत आम्ही हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता, म्हणून ठासून लिहितो. शाखेची स्ट्राँगरूम दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही, आणि त्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात. त्याला आम्ही जॉइंट कस्टडी म्हणतो. रोखपाल कितीही विश्वासू असो, व्यवस्थापक कितीही घाईत असो, एका माणसाच्या खिशात दोन्ही किल्ल्या जात नाहीत. संगणक आले तेव्हा तोच नियम पडद्यावर आला. एक जण नोंद टाकतो तो मेकर, दुसरा तपासून मान्य करतो तो चेकर, आणि दोघांचे आयडी वेगळे. मेकरला मान्यता देण्याचा अधिकारच नसतो, त्यामुळे त्याचा पासवर्ड फुटला तरी नोंद अधांतरी राहते, खात्याला लागत नाही. माणूस रजेवर गेला की त्याचा आयडी बंद. बदलीचा हुकूम हातात पडला की नव्या शाखेत रुजू होण्याआधी जुन्या शाखेतला अधिकार काढलेला. यासाठी कुणाला फोन करून आठवण द्यावी लागत नसे, ते काम कर्मचारी विभागाच्या हुकुमाबरोबरच होत असे.

आपल्याला माझी पहिली विनंती हीच आहे. त्या जनसेवा केंद्रातल्या मुलाला चोरून वापरायची किल्ली नको, त्याच्या स्वतःच्या नावाचा, कमी अधिकाराचा आयडी द्या. तो टंकील. मान्यता नोंदणी अधिकारी देईल, स्वतःच्या आयडीने. आणि ती मान्यता फोनवर सांगता येणाऱ्या सहा आकड्यांवर ठेवू नका. जी गोष्ट तोंडाने सांगता येते ती दुसऱ्याला देता येते. हातात धरावी लागणारी सुरक्षा-किल्ली आज बाजारात मिळते, संगणकाला जोडून बोट टेकवल्याशिवाय ती काम करत नाही, आणि खोट्या संकेतस्थळाला ती फसत नाही. देशातल्या प्रत्येक नोंदणी अधिकाऱ्याला अशी एक किल्ली देण्याचा खर्च येईल हे मला कळतं. शेंदुरसनीसारखं एक प्रकरण निस्तरायला लागणारे तपास पथकाचे दिवस, रद्द करायच्या हजारो नोंदी आणि त्यांत अडकलेल्या खऱ्या बाळांच्या आईबापांच्या फेऱ्या यांचाही हिशेब त्याशेजारी मांडावा.

दुसरं, संख्येचं साधं भान यंत्राला द्या. दीड हजार वस्तीच्या गावात वर्षाला वीस-पंचवीस जन्म होतात, हे कुठलाही ग्रामसेवक सांगेल. त्या गावातून एका दिवसात शंभर नोंदी आल्या तर त्या तिथेच थांबल्या पाहिजेत आणि जिल्ह्याच्या निबंधकाचा फोन वाजला पाहिजे. बँकेत बचत खात्यात अचानक मोठी रक्कम आली तर दुसऱ्या दिवशी अहवालात ते खातं वर येतं. त्यात काही मोठी विद्या नाही. शेंदुरसनीचा आकडा २७ हजारांपर्यंत चढत असताना कुठलीही घंटा वाजली नाही, ही गोष्ट मला चोरीपेक्षा जास्त अस्वस्थ करते.

आता त्या सातारकर गृहस्थाच्या 'कुणी बदललं' या प्रश्नाकडे येतो. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढले. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, सर्व यंत्रणांचे लॉग म्हणजे कुणी केव्हा काय केलं याच्या नोंदी १८० दिवस जपायच्या, सगळ्यांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची. पुढे ३० जून २०२३ ला सरकारी कार्यालयांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही आली. हल्ला झाल्यावर चोराचा माग काढायला १८० दिवस कदाचित पुरतील. पण जन्माच्या नोंदीतली खोट मूल शाळेत जाताना कळते, किंवा पासपोर्ट काढताना. मृत्यूच्या नोंदीतली खोट वाटणीच्या वेळी कळते. आमच्या गृहस्थाला पाच वर्षांनी कळली. तोवर १८० दिवसांचा लॉग केव्हाच पुसला गेलेला असणार. म्हणून जन्ममृत्यूच्या नोंदीला हात लावल्याचा इतिहास नोंद जितकी जगते तितका जगला पाहिजे. आडव्या रेघेखालचं जुनं नाव वाचता आलं पाहिजे.

आणि तो इतिहास घरच्या माणसाला दिसला पाहिजे. महाराष्ट्रात जमिनीच्या सातबाऱ्यात बदल करायचा तर आधी फेरफार नोंदला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, तलाठ्याने नोंदलेलं मंडल अधिकारी तपासून प्रमाणित करतो. या व्यवस्थेत भ्रष्टाचार नाही असं कुणी म्हणणार नाही, पण माझ्या शेतावर कुणाचं नाव कोणत्या फेरफाराने चढलं हे मला क्रमांकासकट वाचता येतं. अर्धा एकर जमिनीला जो मान आहे तो आईच्या नावाला का नसावा? नोंद बदलली की नोंदीतल्या मोबाइल क्रमांकावर एक संदेश जावा: अमुक तारखेला, अमुक कार्यालयातून, अमुक पदाच्या माणसाने, हे होतं ते असं केलं, हरकत असेल तर इतक्या दिवसांत कळवा. चोराला पकडणारा सगळ्यात जागा पहारेकरी म्हणजे ज्याची नोंद आहे तो माणूस. आज त्यालाच दाराबाहेर ठेवलं आहे.

पाहणाऱ्याच्या हाती लॉग असला की काय होतं याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथल्या सरकारी खात्यांच्या, मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर असलेल्या टपालात परदेशी हेर शिरले. एकट्या परराष्ट्र खात्याचे सुमारे ६० हजार ईमेल गेले. चोरी पकडली ती कंपनीने नाही, परराष्ट्र खात्याच्याच माणसांनी पकडली, कारण त्यांच्या खात्याने जास्त पैसे भरून सविस्तर लॉग घेतले होते आणि ते रोज पाहणारी माणसं ठेवली होती. ज्यांच्याकडे तसे लॉग नव्हते त्यांना स्वतःहून काहीच कळण्याजोगं नव्हतं. पुढे १७ डिसेंबर २०२४ ला तिथल्या सीसा या सायबर सुरक्षा संस्थेने केंद्रीय नागरी खात्यांना क्लाउडविषयी बंधनकारक आदेश दिला. त्यातली पहिली मुदत, २१ फेब्रुवारी २०२५, कशासाठी होती? आपल्या खात्याची क्लाउडवर नेमकी कोणकोणती खाती आहेत याची यादी करून देण्यासाठी. तपासणीची साधनं बसवायची मुदत त्यानंतरची, २५ एप्रिल. आणि सुरक्षित मांडणी सक्तीची झाली ती २० जूनपर्यंत. म्हणजे आधी यादी, मग कुलूप. आपल्याकडे किती नोंदणी आयडी चालू आहेत, त्यांतले किती निवृत्त, बदली झालेल्या किंवा हयात नसलेल्या अधिकाऱ्यांच्या नावावर आहेत, ही यादी आपण एकदा करून घ्यावी आणि आकडा जाहीर करावा. निळ्या शाईतला तो 'बदली' शब्द माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

दुसऱ्या प्रतीबद्दल फार लिहीत नाही, कारण आपल्या कार्यालयाला ते कळत असणार. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्समध्ये खंडणीखोर हल्ला झाला, पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि देशातल्या अग्रगण्य रुग्णालयात दोन आठवडे केसपेपर हाताने लिहिले गेले. नेटवर्कचे कप्पे नीट वेगळे केलेले नव्हते, असं सरकारनेच संसदेत सांगितलं. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉनच्या सरकारी डेटा केंद्रात बॅटरीला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायचा ८५८ टेराबाइटचा साठा जळाला. त्याची दुसरी प्रत बाहेर कुठेच नव्हती, कारण साठा फार मोठा आहे असं कारण होतं. इतक्या पुढारलेल्या देशाच्या सरकारला चढावरचं चुलत घर नव्हतं. प्रत ठेवली आहे एवढं पुरत नाही, त्या प्रतीवरून काम उभं करून दाखवण्याची तालीम वर्षातून एकदा तरी व्हावी, एवढंच मागतो.

हे सगळं आत्ताच लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. २०२७ ची जनगणना आपल्याच कार्यालयाची. देशाच्या बहुतांश भागासाठी संदर्भाची वेळ १ मार्च २०२७ ची मध्यरात्र. देशाची पहिली डिजिटल जनगणना, सुमारे ३० लाख क्षेत्रीय कर्मचारी, मोबाइलवर भरायची उत्तरं, आणि त्यांत प्रत्येकाची जात. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमाने नागरिकाला वचन दिलेलं आहे, की तुझं उत्तर गुप्त राहील, ते कुणाला पाहायला मिळणार नाही, न्यायालयातही तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जाणार नाही. कागदाच्या काळात हे वचन गठ्ठ्यांच्या कुलूपबंद खोलीने पाळलं. आता ते पाळायचं आहे शिक्षकांच्या आणि अंगणवाडी सेविकांच्या हातातल्या फोनने. या बायामाणसांना मी ओळखतो, आमच्या गल्लीतही येतात. त्या कामात चुकारपणा करत नाहीत. पण त्यांचा फोन घरातली मुलंही वापरतात, आणि पासवर्ड वहीतच लिहिलेला असतो. काम संपल्याच्या दिवशी त्यांचा आयडी बंद होईल का, फोनवरची माहिती खरोखर पुसली जाईल का, आणि गेलीच कुठून तर ज्यांची गेली त्या कुटुंबांना कळवलं जाईल का, याची उत्तरं आपण गणकांना आणि आम्हाला, दोघांनाही, सोप्या शब्दांत द्यावीत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सरकारी यंत्रणांना बरीच सूट देता येते हे मला ठाऊक आहे. आपण ती सूट घेऊ नये.

माझ्या आजोबांच्या वह्यांकडे बघून मला जुन्याचे गोडवे गायचे नाहीत. त्या वह्यांत चुका आहेत, काही पानं वाळवीने खाल्ली आहेत, मुलींची नावं कित्येक ठिकाणी लिहिलेलीच नाहीत. आपल्या नव्या व्यवस्थेने ती नावं नोंदवली, गावाकडच्या माणसाला मोबाइलवर दाखला मिळवून दिला, काशीच्या दोन फेऱ्या वाचवल्या. हे मी रोज पाहतो आणि त्याबद्दल कृतज्ञ आहे. म्हणूनच तिच्यावरचा विश्वास उडू नये असं वाटतं.

त्या सातारकर गृहस्थाची दुरुस्ती अखेर झाली, प्रतिज्ञापत्र आणि जुन्या दाखल्याच्या जोरावर. जुना कागद हरवला असता तर काय झालं असतं, हा विचार त्याने स्टेशनवर जाताना रिक्षात दोनदा बोलून दाखवला. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी सांगतो, की दाखला मिळाला त्याच दिवशी त्याच्या शिक्का असलेल्या तीन प्रती काढा, एक गावी भावाकडे ठेवा, एक मुलीच्या सासरी, आणि दर वर्षी एकदा संकेतस्थळावर जाऊन ओळ न ओळ ताडून पाहा. आपलं उत्तर येईपर्यंत मी हेच सांगत राहीन.

कळावे,

आपला,
ब्रह्माघाट, वाराणसी येथील
एक निवृत्त बँक अधिकारी